साक्षी नसलेली नोंद

माणूस खऱ्या अर्थाने एकटा कधी असतो, हा प्रश्न धर्मपरंपरांनी फार पूर्वी विचारला आणि बहुतेकांनी त्याचे उत्तर ‘कधीच नाही’ असे दिले. महाभारताच्या आदिपर्वात दुष्यंत ओळख नाकारतो, तेव्हा शकुंतला त्याला बजावते, की माणसाचे वर्तन सूर्य आणि चंद्र, वारा आणि अग्नी, दिवस आणि रात्र, यम आणि माणसाचे स्वतःचे हृदय एवढे सगळे जाणत असतात, त्यामुळे एकांतातली गोष्ट कोणी पाहिलीच नाही असे समजणे ही भ्रांती होय. पुराणांनी या कल्पनेला कचेरीचे रूप दिले: यमाच्या दरबारी चित्रगुप्त बसला आणि त्याच्या वहीला ‘अग्रसंधानी’ असे नावही मिळाले. इस्लाममध्ये प्रत्येक माणसासोबत त्याची कृत्ये लिहून ठेवणारे दोन फरिश्ते आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मायक्रोप्रोसेसरने, म्हणजे संगणकाचे सगळे गणन एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर करणाऱ्या घटकाने, माणसाच्या हालचालींची जी अखंड नोंद शक्य केली, तिच्याकडे पाहताना या जुन्या कल्पनांची आठवण होणे साहजिक आहे; आणि ‘ईश्वर पाहतोच आहे, मग यंत्राने पाहिले तर काय बिघडले’, असा युक्तिवादही त्यातूनच निघतो. हा युक्तिवाद कुठे चुकतो, ते नीट तपासून पाहणे गरजेचे आहे.

पहिली गोष्ट अशी, की ज्या परंपरांनी सर्वसाक्षी ईश्वर मानला त्यांनीच माणसाच्या नजरेला कडक बंधने घातली. ज्यू धर्मशास्त्रातील मिश्नाच्या ‘बाबा बत्रा’ या प्रकरणात सामायिक चौकाभोवती राहणाऱ्यांसाठी नियम आहे, की शेजाऱ्याच्या दारासमोर दार आणि खिडकीसमोर खिडकी उघडू नये. पुढच्या शास्त्रकारांनी यातून ‘पाहण्याने होणारी इजा’ ही स्वतंत्र संकल्पना घडवली. म्हणजे शेजाऱ्याने काही चोरले नाही, तो काही बोलला नाही, नुसते पाहू शकेल अशी जागा त्याने निर्माण केली, तरी ती इजाच. कुराणाने दुसऱ्याची पाळत ठेवण्यास आणि परवानगीवाचून दुसऱ्याच्या घरात शिरण्यास मनाई केली. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने पापनिवेदन फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून दूर करून जन्मभर कडक मठात प्रायश्चित्त करायला पाठवावे, असे ठरवले. ईश्वरापुढे झाकलेले काही नाही आणि माणसापुढे मात्र पुष्कळ काही झाकलेले असलेच पाहिजे, या दोन गोष्टी या परंपरांनी एकाच वेळी धरून ठेवल्या, कारण दोन नजरांची जातच वेगळी आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

तो वेगळेपणा भारतीय दर्शनांनी ‘साक्षी’ या शब्दात सर्वांत नेमका पकडला आहे. मुंडकोपनिषदात एकाच झाडावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे रूपक येते. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. अद्वैत वेदान्तात साक्षी म्हणजे मनातील प्रत्येक वृत्ती उजळवणारे, पण तिने न माखणारे चैतन्य. हा साक्षी कशाचीही इच्छा धरत नाही, पाहिलेले कोणाला सांगत नाही आणि मुख्य म्हणजे तो बाहेरून डोकावत नाही, तो पाहणाऱ्याच्या आतच आहे. चित्रगुप्त काही असा साक्षी नव्हे. तो रीतसर लेखनिक आहे, आणि तरीही त्याची वही एकदाच, एकाच न्यायाधीशापुढे उघडते, मधल्या काळात ती कोणाला भाड्याने दिली जात नाही. शिवाय ज्या ज्या परंपरेने अशी वही कल्पिली तिने ती पुसण्याची वाटही दिली. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त आहे, इस्लाममध्ये तौबा आहे, ख्रिस्ती परंपरेत पापक्षालन आहे, आणि कर्म हे जीवाला चिकटणारे सूक्ष्म द्रव्यच आहे असे मानणाऱ्या जैन दर्शनातही ते द्रव्य झडून जाण्याची प्रक्रिया ‘निर्जरा’ या नावाने सांगितली आहे. पुसता न येणारी नोंद ही कल्पना कोणत्याही धर्माला सोसली नाही, हे ध्यानात ठेवावे लागते.

आता यंत्राकडे वळावे. नोव्हेंबर १९७१ मध्ये इंटेल कंपनीने ‘४००४’ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. तो मुळात बुसिकॉम या जपानी कंपनीच्या टेबलावरच्या गणकयंत्रासाठी हवा होता, आणि त्या कंपनीच्या मागणीनुसार प्रत्येक कामासाठी निराळी चिप बनवायची होती. इंटेलचे अभियंते टेड हॉफ यांनी सुचवले, की निरनिराळ्या चिपांऐवजी एकच सर्वसाधारण चिप करावी आणि तिने काय करायचे ते स्मृतीत लिहिलेल्या आज्ञांवर सोपवावे. स्टॅनली मेझर, मासातोशी शिमा आणि फेदेरिको फाजिन यांनी ती कल्पना प्रत्यक्षात आणली. त्या चिपवर २,३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह चालू-बंद करणारी सूक्ष्म बटणे होती. २०२० साली ॲपलने आणलेल्या ‘एम१’ या चिपवर ती १,६०० कोटी होती. आकड्यांची ही झेप नेहमी सांगितली जाते. पण गोपनीयतेच्या दृष्टीने हॉफ यांच्या सूचनेतली दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. या यंत्राला स्वतःचा हेतू नाही. ज्या चिपने आज बेरीज केली तीच उद्या आवाज ओळखेल आणि परवा चेहरा. जुन्या काळी एखाद्या साधनाला घरात जागा देताना ते कशासाठी आहे हे त्याच्या आकारावरूनच कळत असे, आणि दिलेल्या संमतीला त्या आकाराची मर्यादा असे. हेतुशून्य यंत्राला दिलेली संमती मात्र नेमकी कशाला दिली, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. साक्षीही निर्हेतुक आणि चिपही निर्हेतुक, असे साम्य वरवर दिसते. परंतु साक्षीला हेतू नाही कारण त्याला कशाची उणीव नाही, आणि चिपला हेतू नाही कारण ती रिकामी आहे; त्या रिकाम्या जागेत जो येईल तो आपला हेतू भरतो.

नोंदीच्या मुबलकतेचे कारणही इथेच सापडते. गणन करायचे तर आकडा क्षणभर का होईना कुठेतरी धरून ठेवावा लागतो, आणि धरून ठेवणे म्हणजे नोंदवणे. जोवर नोंद हाताने करावी लागत होती, शोधायला माणूस पाठवावा लागत होता, तोवर बहुतेक आयुष्यांचे रक्षण कायद्याने कमी आणि कारकुनाच्या थकव्याने अधिक केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एका निकालात हे ओळखले होते. एखाद्याच्या गुन्हेविषयक नोंदी निरनिराळ्या न्यायालयांत आणि ठाण्यांत सुट्या पडलेल्या असणे वेगळे आणि त्याच नोंदी संगणकाने एकत्र केलेल्या असणे वेगळे, आणि त्या विखुरलेपणामुळे मिळणारी व्यावहारिक अप्रकटता हा जपण्याजोगा हितसंबंध आहे, असे त्या न्यायालयाने मानले. मायक्रोप्रोसेसरने हा विखुरलेपणा स्वस्तात संपवला.

जानेवारी १९९९ मध्ये इंटेलने जाहीर केले, की येऊ घातलेल्या ‘पेंटियम ३’ या प्रोसेसरमध्ये प्रत्येक नगाचा स्वतंत्र, ९६ बिटांचा अनुक्रमांक कोरलेला असेल आणि तो प्रोग्रॅमला वाचता येईल. हेतू म्हणून इंटरनेटवरील व्यवहारांची सुरक्षितता आणि कंपन्यांना आपल्या यंत्रांचा हिशोब ठेवता येणे, अशी कारणे देण्यात आली. गोपनीयतेसाठी काम करणाऱ्या संघटनांनी लगेच बहिष्काराची हाक दिली, कंपनीने अनुक्रमांक बंद ठेवण्याची सोय देऊ केली, आणि २००० साली पुढच्या पिढीतून तो काढूनच टाकण्याचे ठरले. हा विरोध अनेकांना त्या वेळी अतिरेकी वाटला, कारण आकडा माणसाला दिलेला नव्हता, सिलिकॉनच्या तुकड्याला दिलेला होता. परंतु शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच ज्या ‘अध्यासा’चे विवेचन केले आहे, म्हणजे एका वस्तूचे धर्म दुसऱ्या वस्तूवर लादले जाणे, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण आधुनिक जगात मिळणे कठीण आहे. साधनाचा गुण आत्म्यावर चढतो, देह गोरा असला की ‘मी गोरा’ असे माणूस म्हणतो. तसाच चिपचा आकडा ती वापरणाऱ्याला चिकटतो आणि चार ठिकाणी तो आकडा दिसला की चार ठिकाणची माणसे एकच ठरतात. ज्याला वेदान्त ‘उपाधी’ म्हणतो, म्हणजे वस्तूला जवळिकीने मर्यादित करणारे बाह्य लक्षण, ती इथे कारखान्यातच कोरली जाते आणि माणूस तिच्यावरून ओळखला जातो. पेंटियमवरचा तो विशिष्ट अनुक्रमांक गेला; पण आपापले कायमचे क्रमांक असलेले अनेक घटक आजच्या प्रत्येक फोनमध्ये आहेत, आणि १९९९ सालचा तो संताप मात्र आज दिसत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

याहून सूक्ष्म आणि तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने अधिक अस्वस्थ करणारे प्रकरण जानेवारी २०१८ मध्ये उघड झाले. ‘स्पेक्टर’ आणि ‘मेल्टडाउन’ अशी नावे मिळालेले हे दोष कोणाच्या निष्काळजीपणातून आलेले नव्हते; वेगाच्या मागे लागून प्रोसेसरला जी एक सवय जाणीवपूर्वक लावली गेली तिच्याच पोटात ते होते. प्रोसेसर मुख्य स्मृतीपेक्षा कितीतरी वेगवान असतो, आणि तिथून एखादी किंमत मागवली की ती येईपर्यंत त्याच्या घड्याळाचे शेकडो ठोके वाया जाऊ शकतात. म्हणून दोन उपाय योजले गेले. पहिला, ‘कॅश’ नावाची छोटी, जवळची स्मृती. जुन्या कचेरीतला अनुभवी कारकून दप्तरखान्यातून काढलेला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, लगेच परत न नेता टेबलावरच ठेवतो, म्हणजे पुन्हा लागला तर हाताशी असतो, तशी ही सोय आहे. दुसरा उपाय अनुमानाने काम पुढे नेण्याचा: साहेबाचा हुकूम अजून आलेला नाही, पण तो बहुधा असा येईल असे गृहीत धरून प्रोसेसर पुढचे काम करून मोकळा होतो, अंदाज बरोबर ठरला तर वेळ वाचला, चुकला तर केलेले सगळे मागे घ्यायचे आणि जणू काही घडलेच नाही अशी स्थिती पूर्ववत करायची.

या दोन उपायांच्या जोडीतून गुपित कसे फुटते ते पाहू. समजा, एका यादीत १६ नोंदी आहेत आणि मागितलेली नोंद त्या १६ मधली आहे की नाही, हे तपासूनच ती देण्याचा नियम आहे. हल्ला करणारा प्रोग्रॅम बराच वेळ नियमातल्याच नोंदी मागत राहतो, त्यामुळे तपासणीचे उत्तर नेहमी होकारार्थी येते अशी प्रोसेसरची सवय होते. मग तो एकदम यादीच्या पलीकडची, दुसऱ्या कोणाचा संकेतशब्द जिथे साठवलेला आहे तिथली जागा मागतो. यादीची लांबी मुख्य स्मृतीतून यायला वेळ लागत असतो. तेवढ्यात प्रोसेसर सवयीने पुढे जातो, ते निषिद्ध अक्षर वाचतो आणि त्याच्या मूल्यानुसार २५६ कप्प्यांपैकी एका कप्प्याला हात लावतो. एवढ्यात लांबी येते, अंदाज चुकल्याचे कळते आणि सगळे मागे घेतले जाते. निषिद्ध अक्षर कोणाच्याही हाती दिले जात नाही. पण हात लागलेला तो एक कप्पा कॅशमध्ये आलेला असतो, आणि तो तिथेच राहतो. रुमाल टेबलावर राहून गेलेला असतो. हल्लेखोर आता २५६ कप्पे एकेक करून मागतो आणि फक्त वेळ मोजतो. २५५ कप्पे उशिरा येतात, एक चटकन येतो, आणि त्याच्या चटकन येण्यातूनच ते अक्षर कळते.

न घडलेल्या कृतीने मागे खूण ठेवली, असे हे आहे. पातंजल योगदर्शनात याला समांतर विचार सापडतो. चित्तात उठलेली प्रत्येक वृत्ती मावळताना संस्कार ठेवून जाते, वृत्ती गेली तरी संस्कार उरतो, आणि योग्य निमित्त मिळाले की तोच पुन्हा वृत्ती म्हणून उगवतो; मनात आले आणि सोडून दिले, एवढ्याने काम भागत नाही. फरक असा, की योगदर्शनातला संस्कार ज्याचा त्याच्याच चित्तात राहतो आणि तो वाचण्याची विद्या मुख्यतः स्वतःच्या शुद्धीसाठी आहे, तर इथे एकाच्या टाकून दिलेल्या विचाराची ऊब दुसरा हात लावून तपासतो. धर्मशास्त्राने कायिक, वाचिक आणि मानसिक असे कर्माचे तीन प्रकार मानले, तरी मनातल्या पापाच्या बाबतीत परंपरेने पुढे बरीच सवलत दिली. भागवताच्या पहिल्या स्कंधात परीक्षित राजा कलियुगाला जिवंत सोडतो त्याचे कारणच असे दिले आहे, की या युगात पुण्य संकल्पानेच फळते आणि पाप मात्र प्रत्यक्ष केल्यावरच. या सवलतीमागे माणसाविषयीची मोठी समज आहे. माणूस निर्णयापर्यंत येताना दहा वाटा मनात चालून पाहतो, त्यातल्या नऊ सोडतो, आणि सोडलेल्या नऊंचा हिशोब त्याच्याकडे कोणी मागत नाही, म्हणूनच दहावी वाट तो मोकळेपणाने निवडू शकतो. संदेश लिहून पुसणे, शोधचौकटीत प्रश्न अर्धवट टाइप करून सोडून देणे, एखाद्या रोगाची माहिती उघडून लगेच बंद करणे, ही या सोडलेल्या वाटांची आजची रूपे आहेत. गोपनीयतेचा गाभा गुपितांमध्ये आहे असे समजले जाते. खरे तर तो या अपुऱ्या, न ठरलेल्या अवस्थेच्या संरक्षणात आहे.

ज्याला लपवण्यासारखे काही नाही त्याने भिण्याचे कारण नाही, हे म्हणणे म्हणूनच अपुरे पडते. ते फक्त पूर्ण झालेल्या कृत्यांचा विचार करते. सांख्यांनी बुद्धीला जड मानले आहे. तिच्यावर सगळे ठसे उमटतात, पण पाहणारा पुरुष तिच्याहून वेगळा. मायक्रोप्रोसेसर हा अशा पुरुषावाचूनच्या बुद्धीसारखा आहे. साक्षी पाहतो आणि साठवत नाही, चिप साठवते आणि पाहत नाही. ईश्वराच्या नजरेशी तिची तुलना करताना नेमकी ही उलट झालेली बाजू नजरेआड होते. न पाहता साठवलेल्याला समज नसते, आणि समज नसलेली नोंद क्षमाही करू शकत नाही.

या यंत्रावर विश्वास कोणत्या प्रमाणाने ठेवावा, हा प्रश्नही उरतोच. चिपच्या आत काय चालले आहे हे वापरणाऱ्याला प्रत्यक्षाने कळत नाही आणि अनुमानाने फारसे कळत नाही, म्हणजे उरते ते शब्दप्रमाण. न्यायदर्शनात ज्याचा शब्द प्रमाण मानावा असा ‘आप्त’ तो, ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. निर्मात्याने वस्तू जाणलेली असते. सांगण्याच्या इच्छेबद्दल तसे म्हणवत नाही. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांसोबत ‘मॅनेजमेंट एंजिन’ नावाचा एक वेगळा छोटा प्रोसेसर असतो, जो मुख्य संगणक बंद दिसत असतानाही वीजपुरवठा असेल तर जागा राहू शकतो. त्यावर ‘मिनिक्स’ ही प्रणाली चालते हे तिचे जनक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनाही २०१७ मध्ये बातम्यांतून कळले. कोट्यवधी घरांत ती चालू होती आणि तिच्या कर्त्याला त्याचा पत्ता नव्हता.

निर्मात्याच्या शब्दावर विसंबता येत नाही, तेव्हा कायद्याचा आधार शोधावा लागतो. भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग असल्याचे एकमताने ठरवले. त्याच निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतील १९७६ च्या ज्या निर्णयाला चुकीचे म्हटले, त्यात बहुमताच्या बाजूने त्यांचे वडील न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. आधीची नोंद चुकीची होती असे म्हणता येणे, हे माणसांच्या संस्थांचे एक मोठेपण आहे.

यंत्राला झाकायला आणि विसरायला शिकवता येते का, याचे उत्तर शोधण्याचे प्रयत्नही चिपच्या आतच झाले आहेत. एक प्रयत्न शासनाचा होता. १९९३ मध्ये अमेरिकन सरकारने ‘क्लिपर’ ही चिप पुढे केली, जी संभाषण कुलूपबंद करणार होती, मात्र प्रत्येक चिपच्या किल्लीचे दोन तुकडे दोन सरकारी यंत्रणांकडे राहणार होते. गुन्हेगाराचा एकांत मोडण्याची शासनाची गरज खरी आहे, तिला हलके लेखणे अन्यायाचे होईल. पण सर्वांच्या किल्लीची प्रत कोणाकडे तरी असणे म्हणजे चित्रगुप्ताची वही वेळेआधी उघडण्याची सोय करणे. १९९४ मध्ये संशोधक मॅट ब्लेझ यांनी त्या चिपमधील केवळ १६ बिटांची पडताळणी चकवता येते हे दाखवले आणि काही वर्षांत ती योजना विरून गेली. दुसरा प्रयत्न २०१३ मध्ये ॲपलच्या ‘ए७’ या चिपपासून दिसतो, तो म्हणजे मुख्य प्रोसेसरपासून वेगळा राखलेला एक सुरक्षित कोपरा, ज्यातील किल्ली वापरता येते पण बाहेर काढून वाचता येत नाही. निर्मात्यालाही नाही, असे निर्माता सांगतो.

अशा फोनमधला मजकूर पुसण्याची रीत विचार करण्याजोगी आहे. फोनमधल्या फ्लॅश स्मृतीत एखादी गोष्ट पुसली तर बहुधा तिचा पत्ता तेवढा खोडला जातो, मजकूर तसाच पडून राहतो. त्यावर नवे लिहू म्हटले तरी झीज सगळीकडे सारखी वाटली जावी म्हणून नवे लेखन दुसऱ्याच जागी होते. म्हणून मजकूर आरंभापासूनच कुलूपबंद ठेवतात, आणि सगळे विसरायची वेळ आली की मजकुराला हात न लावता ती २५६ बिटांची छोटीशी किल्ली तेवढी नष्ट करतात. सगळी पत्रे, सगळी छायाचित्रे, सोडून दिलेल्या सगळ्या वाटा जिथल्या तिथे राहतात आणि कोणालाच, त्यांच्या मालकालाही, त्या पुन्हा वाचता येत नाहीत. योगदर्शनाच्या भाष्यपरंपरेत क्षीण झालेल्या क्लेशांना भाजलेल्या बियांची उपमा देतात. दाणा हातात घेतला तर आकार तोच असतो, सालही तीच असते, आणि कितीही पाणी घातले तरी तो उगवत नाही.